कोंदण, डाख आणि सवागी

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात गेली अठरा वर्षे मराठी शिकवीत आहोत. इतकी वर्षे शिकविल्यानंतर काही वाक्ये जिभेवर अशी बसतात की ती उच्चारताना विचार करावा लागत नाही. ‘अनुभवाला भाषेचे कोंदण लाभले’ हे त्यांपैकी एक. कवितेचा आशय म्हणजे हिरा, तिचे रूप म्हणजे कोंदण, आणि कोंदण चांगले असेल तर हिरा खुलून दिसतो, इतके सांगितले की आशय-अभिव्यक्तीचा तास सुरळीत पार पडतो. मागे एकदा एम.ए.च्या वर्गात हेच चालू असता मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली. “सर, कोंदण आधी तयार नसतं. खडा ठेवल्यावर ते भरतात. आणि त्याला विस्तव लागत नाही.” तिच्या घरी सोनारकाम आहे, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही या वाक्यावर बराच वेळ बोलत बसलो. कोंदण आधी नसते, हे खरे असेल तर आमचे रूपक मुळातच उलटे होते. आमच्या मनातले कोंदण म्हणजे चौकट होती. चौकट बाजारातून आणावी आणि तीत चित्र बसवावे, तसे. आपल्या समीक्षेत हा शब्द जेथे जेथे आला असेल तेथे बहुधा याच अर्थाने आला असणार. शब्द सोनाराच्या पेढीवरून उचललेला, परंतु पेढीवर कोणी गेलेले नाही. पुढच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो.

तिच्या वडिलांना सारे गाव शेट म्हणते. आम्हीही शेटच म्हणू लागलो. त्यांची पेढी म्हणजे रस्त्यालगतची अरुंद खोली. पुढे काचेचे कपाट, मागे कामाची जागा. माळ्यावर त्यांच्या आजोबांची बागेसरी होती. बागेसरी म्हणजे सोनाराची लहानशी शेगडी. ती आता वापरात नाही. गॅसची बंदूक आली. फुंकणी मात्र अजून खिळ्याला टांगलेली असते आणि बारीक कामाला शेट तीच घेतात. आम्हांला त्यांनी आधी चांदीच्या तारेची एक कडी जोडायला दिली. तार सळईवर गुंडाळून कापावयाची, दोन्ही टोके कानशीने घासून एकमेकांना अशी भिडवावयाची की मधून उजेड दिसता कामा नये. मग दगडावर पाण्यात उगाळलेली सवागी लावावयाची, डाखाचा मोहरीएवढा तुकडा सांध्यावर ठेवावयाचा आणि आच द्यावयाची. लिहिताना हे एका वाक्यात आटोपले. प्रत्यक्षात आमच्या पहिल्या चार कड्या वाया गेल्या. सवागी तापताच तुरटीच्या लाहीसारखी फुलली आणि डाखाचा तुकडा उडून गेला. नंतर तुकडा जागेवर राहिला, पण वितळून त्याची गोळी झाली आणि सांध्यात शिरेना. एका कडीचे तर टोकच वितळले. शेट एवढेच म्हणाले, “डाखाला विस्तव दाखवू नका. कडीला दाखवा.”

डाख म्हणजे जोडावयाच्या धातूहून आधी वितळणारा मिश्रधातू. नवशिक्याची समजूत अशी असते की डाख डिंकासारखा फटीत भरावयाचा असतो. डाख फट बुजवीत नाही. दोन पृष्ठभाग स्वच्छ आणि अगदी जवळ असतील तरच तो त्यांच्यामध्ये केसासारख्या अंतरातून ओढला जातो, आणि जिकडे उष्णता अधिक तिकडे धावतो. म्हणून आच डाखाला न देता भोवतालच्या धातूला द्यावयाची. कडी तापली की तीच डाखाला आत खेचून घेते. सवागीचे काम याहून वेगळे आहे. ती स्वतः काही जोडत नाही. तापलेल्या धातूवर हवेमुळे जी पुटे चढतात ती विरघळवून टाकणे आणि वितळलेल्या काचेसारखी वर पसरून पुन्हा हवा लागू न देणे, एवढेच ती करते. सांधा पुरा झाला की ती तेजाबात धुऊन जाते. ज्याच्यावाचून सांधा होत नाही, त्याचा सांध्यात मागमूसही राहत नाही.

आमच्यासारख्या ग्रंथजीवी माणसांना हात भाजल्यावर ग्रंथ आठवतात. सांध्याविषयी लिहिलेले सर्वांत जुने असे आपल्याकडे काय आहे, याचा शोध घेताना छांदोग्योपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील सतराव्या खंडापाशी आम्ही येऊन थांबलो. प्रसंग यज्ञाचा आहे. ऋचेत चूक झाली, यजुसात झाली, सामात झाली, तर यज्ञाला जखम होते. ती भूः, भुवः, स्वः या व्याहृतींनी कशी भरून काढावी, हे तेथे सांगितले आहे. त्यासाठी दिलेला दृष्टांत कारागिराच्या घरचा आहे: जसे मिठाने सोने सांधावे, सोन्याने रुपे, रुप्याने कथील, कथलाने शिसे, शिशाने लोखंड, लोखंडाने लाकूड आणि चामड्याने लाकूड. यज्ञ दुरुस्त करणारा ब्रह्मा हा ऋत्विज या ठिकाणी तुटके जोडणाऱ्या कारागिराच्या पंक्तीला बसतो. विधीचे पावित्र्य सांगण्यासाठी उपनिषदकाराला सोनाराचा सांधा सुचावा, याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटले.

हा उतारा आम्ही शेटना वाचून दाखविला. पहिल्या पायरीवर त्यांनी मान डोलावली, दुसरीवर हसले. सोन्याने रुपे जोडायचे म्हणजे रुपेच आधी वितळणार! त्यांचे बरोबर होते. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध सोने १०६४ अंशांना. रुप्याने कथील जोडणे तर त्याहून अशक्य, कारण कथील २३२ अंशांनाच पाणी होते. उलट कथलाने शिसे जोडणे अगदी खरे. कथील आणि शिसे यांचे मिश्रण हाच कल्हईवाल्यापासून रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सर्वांचा डाख होता. म्हणजे या साखळीतले काही दुवे पेढीवरून आले आहेत आणि काही वाक्याच्या लयीने आपल्यामागे ओढून आणले आहेत. एका पदार्थाने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, ही रचना एकदा सुरू झाली की ती स्वतःच्या वेगाने चालते. याला आम्ही दोष म्हणणार नाही. मात्र ग्रंथातील तंत्रज्ञान वाचताना वाक्य कोठे हाताचे ऐकते आणि कोठे कानाचे, हे पाहावे लागते.

पहिला दुवा मात्र हाताचा आहे, आणि गंमत अशी की समजावून घ्यावा लागतो तोच. मूळात ‘लवण’ एवढेच आहे. स्वयंपाकाच्या मिठाने सोने सांधले जाईल काय? शांकरभाष्यात या लवणाचा अर्थ टंकणादी क्षार असा केला आहे. टंकण म्हणजेच आपला टाकणखार, म्हणजेच सवागी. उपनिषदाच्या काळी ‘मीठ’ म्हटल्यावर कोणते मीठ हे ऐकणाऱ्याला कळत असावे. भाष्यकाराच्या काळी ते सांगावे लागले. रसशास्त्रात याच द्रव्याला ‘सौभाग्य’ असेही नाव आहे, आणि हिंदीतला ‘सुहागा’ त्याच कुळातला. सोन्यावर सुहागा म्हणजे दुधात साखर, असा त्या हिंदी म्हणीचा आज अर्थ होतो. सोन्याला जोडणारे हे मीठ सौभाग्याच्या अलंकारांतून कसे अदृश्य राहते, हे बोलणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही.

नेमका हाच प्रकार पश्चिमेकडेही घडला, आणि तेथे त्याची किंमत फार मोजावी लागली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथाच्या तेहतिसाव्या पुस्तकात सोनारांच्या सांध्याची कृती लिहून ठेवली आहे. सायप्रसच्या तांब्याचा गंज, लहान मुलाचे मूत्र आणि सोड्यासारखा खार तांब्याच्या खलात तांब्याच्याच बत्त्याने खलावा; सोन्यात तांबे अधिक असेल तर त्यात सोने आणि सातवा भाग चांदी घालून एकत्र वाटावे. या कामी वापरल्या जाणाऱ्या हिरव्या तांबेरी द्रव्याला ‘क्रायसोकोला’ म्हणत. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सोन्याचा डिंक. कृती लिहिलेली होती, ग्रंथ नष्ट झाला नाही, त्याच्या नकला होत राहिल्या, तो शिकविलाही जात होता. पण मधल्या काळात युरोपातील सोनारांच्या हाती दुसरे द्रव्य आले. तिबेटातल्या सरोवरांकाठी मिळणारा टाकणखार मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवरच्या लहान पिशव्यांतून हिमालयाच्या खिंडी ओलांडून खाली येई, आणि पुढे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपभर जाई. कच्च्या मालाला तिकडे ‘टिंकल’ म्हणत. हा आपल्या ‘टंकण’ शब्दाचाच अपभ्रंश. फ्लॉरेन्सचा बेनव्हेनुतो चेल्लिनी १५६८ साली छापलेल्या आपल्या सुवर्णकामावरील ग्रंथात डाखासोबत ज्या बोरॅक्सचा उल्लेख करतो, त्याचा जन्म बहुधा असा कोठेतरी हिमालयापलीकडे झाला असावा. आणि त्याच शतकात, १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खनिजविद्येच्या ग्रंथात ग्योर्ग अग्रिकोला या बोरॅक्सलाच क्रायसोकोला म्हणून बसला! कामावरून पाहता त्याचे चुकले नाही; दोन्ही सोन्याचे डिंकच. परंतु एक तांब्याचे लवण आणि दुसरे पांढरा क्षार. नाव तेच राहिले आणि त्याखालची वस्तू बदलली. आज खनिजशास्त्रात क्रायसोकोला म्हणजे आणखी तिसरेच, निळसर हिरवे एक सिलिकेट आहे.

याचा परिणाम काय झाला, ते इटलीतच दिसले. १८३६ साली चेर्वेतेरी येथे एट्रुस्कन लोकांचे एक अस्पर्श थडगे उघडले गेले. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातले ते दागिने पाहून सोनार थक्क झाले. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचेच रवे बसवून चित्रे काढली होती. एट्रुस्कन कामातले काही रवे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान आहेत. रवा करणे अवघड नाही. सोन्याचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत पसरून तापविले की वितळताना ते आपोआप गोल होतात. अवघड आहे तो जोडणे. नेहमीच्या पद्धतीने डाख लावला तर तो रव्यांमधल्या फटींत पसरतो आणि रवे त्यात बुडून जातात. एट्रुस्कन रवे मात्र जणू एका बिंदूवर टेकून उभे आहेत आणि डाख कोठे दिसत नाही.

रोममधील कास्तेल्लानी घराण्याने या एका प्रश्नामागे आयुष्ये घातली. फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी याने पेढी सुरू केली १८१४ मध्ये. त्याचे पुत्र अलेस्सांद्रो आणि अगुस्तो यांनी प्राचीन कामाच्या प्रतिकृतींना युरोपभर नाव मिळवून दिले. अलेस्सांद्रोने स्वतःच सांगून ठेवले आहे की ग्रंथांनी काम होईना तेव्हा ते लोक शोधू लागले. आपेनाइन पर्वतराजीतील सांत आंजेलो इन वादो या आडवळणाच्या गावात शेतकरी बायकांचे पारंपरिक दागिने करणारे कारागीर त्यांना सापडले, आणि त्यांना त्यांनी रोमला आणले. बोरॅक्सऐवजी दुसरी लवणे वापरली, डाखाची कानशीने अतिसूक्ष्म पूड केली. काम सुंदर झाले. पण सर्वांत बारीक रवे त्यांना कधीच साधले नाहीत. ते डाखावाचून सांधा कसा करावा हे शोधत नव्हते, डाख अधिक बारीक कसा करावा हे शोधत होते.

उत्तर मिळाले ते १९३३ मध्ये. एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रज सोनारकाराने त्या साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. तांब्याचे लवण आणि सरस किंवा डिंक यांच्या मिश्रणाने रवे पत्र्यावर चिकटवावयाचे. तापविताना तांब्याच्या लवणाचे ऑक्साइड होते, सरसाचा कोळसा होतो, आणि सुमारे ८५० अंशांना तो कोळसा ऑक्साइडमधील प्राणवायू काढून घेऊन निव्वळ तांबे मागे ठेवतो. हे तांबे म्हणजे रवा आणि पत्रा यांच्या स्पर्शबिंदूवरची केवळ एक पापुद्र्याइतकी साय. ती तेथल्या सोन्यात मिसळते, आणि सोने-तांब्याचे ते मिश्रण सोन्याहून पुष्कळ आधी, सुमारे ८९० अंशांना, वितळते. सांधा जेथे हवा तेथेच होतो. डाख बाहेरून आणावा लागत नाही. तो सांध्याच्या जागीच तयार होतो. त्याच सुमारास जर्मनीत एलिझाबेथ ट्रेस्को हिनेही स्वतंत्रपणे रव्यांचे काम साध्य केले.

आता प्लिनीची कृती पुन्हा वाचावी. तांब्याचा गंज, खार, मूत्र. तांब्याचे लवण तेथे होतेच! अठराशे वर्षे ती कृती विद्वानांच्या टेबलावर पडून होती. तांब्याचा गंज कशासाठी, हे ज्यांच्या हाताला ठाऊक होते त्यांनी लिहिले नाही, आणि जे वाचत होते त्यांना त्यात वैद्याच्या जुन्या नुस्ख्यासारखी एक विचित्र यादी तेवढी दिसली. मजकूर शाबूत राहूनही त्याचे ज्ञान हरवू शकते, हे पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही कधी सांगितलेले नाही. आम्ही हस्तलिखिताच्या वाळवीबद्दल बोलतो, प्रक्षेपांबद्दल बोलतो.

आपल्याकडे रव्यांचे काम पुरते हरवले नाही. जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिलेला जे उत्खनन केले त्यात, विशेषतः सिरकपच्या थरांत, रवे जडविलेले सोन्याचे दागिने निघाले. आणि गुजरात-राजस्थानात सोन्याच्या रव्यांचे काम विसाव्या शतकापर्यंत चालत आलेले ओपी उन्त्राख्त यांनी भारतीय दागिन्यांवरील १९९७ च्या ग्रंथात नोंदविले आहे. मराठी दागिन्यांचा जीव पोकळ मण्यांत आहे. बोरमाळेचा मणी पाहावा: पत्र्याच्या दोन वाट्या ठोकून घ्यावयाच्या, तोंडाला तोंड लावून जोडावयाच्या, आणि आत लाख भरावयाची, म्हणजे कमी सोन्यात घसघशीत माळ होते. त्या मण्याच्या कमरेवरून चाललेला सांधा दिसता कामा नये, ही कारागिरीची खूण. नथीत तर मोती तारेने गुंफावयाचे असल्यामुळे तेथे विस्तव मोत्याच्या जवळही नेता येत नाही.

परंतु न दिसणारा सांधा हा नेहमी कौतुकाचाच विषय होता असे नाही. राज्यकर्त्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो संशयाचा विषय होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, तेराव्या-चौदाव्या अध्यायांत, सोनारकामाचा जो विचार आहे तो वाचावा. अक्षशाळेत जाणाऱ्या-येणाऱ्या कारागिरांची वस्त्रे, हात, इतकेच काय गुह्यांगेही तपासावीत. हत्यारे आणि अर्धवट काम तेथेच ठेवून घ्यावे. त्या कारागिरांच्या यादीत फुंकणारे ‘ध्मायक’ आहेत आणि धूळ धुणारे ‘पांसुधावक’ही आहेत, म्हणजे आपले झारेकरी. पुढे चोरीचे प्रकार येतात, त्यांत ‘पेटक’ नावाचा एक आहे: हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा मढवून पक्का किंवा सुटता बसविणे. खडे जडविण्याच्या कामाला तेथे ‘क्षेपण’ म्हटले आहे, पण ते कसे करावे याविषयी फारच थोडे आहे. त्यात खोट कशी होते आणि किती घट क्षम्य, हे मात्र आहे. याला कौटिल्याचा दोष म्हणता येणार नाही. त्याला अध्यक्ष घडवावयाचा होता, सोनार नव्हे. पण कारागिरीबद्दल आपल्याकडे जे लिहिले गेले ते पुष्कळदा असे दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने लिहिलेले आहे.

हा संशय अगदी आपल्या डोळ्यांदेखत कोठवर गेला, ते शेटच्या पेढीवर कळले. डाखात तांबे-चांदी असल्यामुळे तो दागिन्याच्या सोन्याहून हलका असतो. बावीस कॅरटचा दागिना मोडीत घातला आणि वितळविला की डाखामुळे त्याचा कस उतरतो. गिऱ्हाइकाला वाटते सोनाराने फसविले. यावर तोडगा म्हणून कॅडमियमचा डाख आला. सुमारे ९२ टक्के सोने आणि ८ टक्के कॅडमियम. त्यामुळे सांधाही जवळजवळ दागिन्याच्याच कसाचा होतो. ‘केडीएम’ अशी अक्षरे नव्वदच्या दशकात गावोगावच्या सराफांच्या पाट्यांवर झळकू लागली. ती शुद्धतेची कसली तरी सरकारी खूण असावी असेच आम्हीदेखील समजत होतो. ती फक्त कॅडमियमची खूण होती. कॅडमियम ३२१ अंशांना वितळते आणि ७६७ अंशांना उकळते. सोन्याचा सांधा याहून अधिक आचेवर होतो. म्हणजे प्रत्येक सांध्याला थोडे कॅडमियम धूर होऊन उडणार, आणि फुंकणी तोंडात धरून सांध्यावर वाकलेल्या माणसाच्या छातीत जाणार. हा धूर फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे खातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये कॅडमियमची गणना मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली.

शेटच्या धाकट्या भावाने बारा वर्षे या डाखाचे काम केले. आज तो जिना चढताना दोनदा थांबतो. हे कॅडमियममुळेच, असे कोणी डॉक्टराने लिहून दिलेले नाही आणि आम्हीही तसे म्हणणार नाही. शेट म्हणाले, “सर, गिऱ्हाइकाला सोनं शुद्ध हवं होतं. आम्ही दिलं.” पुढे ते डाख सोडून जस्त-इंडियमच्या डाखावर आले. भारतीय मानक ब्यूरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. दागिन्याचा कस आता प्रयोगशाळेत ठरतो.

आता विद्यार्थिनीच्या वाक्याकडे वळू. कोंदण आणि कुंदन ही एकाच शब्दाची रूपे. कुंदन म्हणजे अतिशुद्ध केलेले, इतके मऊ की नखाने दबावे असे सोने. जयपूर-बिकानेरकडे या कामाची वाटणी ठरलेली आहे: आराखडा काढणारा चितेरा, सोने घडविणारा घडिया, मीनाकार आणि शेवटी खडे बसविणारा जडिया. घडियाने केलेल्या पोकळ घरात आधी लाख भरतात. लाख थोडी तापवून खडा तीत बसवितात. खड्याखाली चकचकीत पत्र्याचा ‘डांक’ असतो, म्हणजे पाठ बंद असूनही खडा उजळतो. मग कुंदनाच्या पातळ पट्ट्या खड्याच्या कडेने घालून पोलादी सळईने दाबत जावयाचे. एक थर, त्यावर दुसरा. शुद्ध सोन्यावर हवेने पुट चढत नाही, म्हणून स्वच्छ सोने स्वच्छ सोन्यावर दाबले की ते थंड असतानाच एकजीव होते. ना डाख, ना सवागी, ना विस्तव. यामुळेच मोगल कारागिरांना यशबाच्या किंवा स्फटिकाच्या पेल्यावरही माणके बसविता आली. त्या दगडांना डाखाच्या आचेजवळ नेणेच शक्य नव्हते.

अबुल फजलने आईन-ए-अकबरीत या कामाची नोंद करताना मुद्दाम फरक सांगितला आहे. इतर देशांत रत्ने त्यांच्यासाठी केलेल्या घरांत अडकवून बसवितात, हिंदुस्थानात ते कुंदनाने होते, आणि हे सोने इतके मऊ असते की परवेझ बादशहा हाताने सोने मळीत असे ही दंतकथा खरी वाटू लागते. तो दरबारी होता, कारागीर नव्हे. पण येथे तो पहारेकऱ्यासारखा उभा नाही. त्याने जवळ जाऊन पाहिले आहे.

‘इतर देशां’तले काम कसे चाले याचा साक्षीदार पुन्हा चेल्लिनीच. पाचव्या चार्ल्सने पोप तिसरा पॉल याला दिलेला हिरा बसविताना त्याखाली लावावयाचा रंगलेप आपण इतर सर्व जवाहिऱ्यांपेक्षा कसा सरस केला, हे तो मोठ्या तोऱ्याने सांगतो. तोरा त्याच्या स्वभावातच होता. पण तोवर तेथेही हिऱ्याची पाठ बंदच असे आणि त्याचे तेज खालून उसने आणावे लागे. पैलू पाडण्याची कला वाढली तशी पाठ उघडी करणे परवडू लागले. १८८६ मध्ये टिफनी कंपनीने सहा नखांनी हिरा वर उचलून धरणारी अंगठी काढली. आज आपल्या लग्नसराईतली हिऱ्याची अंगठी बहुधा तिच्याच वंशातली असते. तिच्यात नखे आधी तयार असतात आणि खडा मागाहून येतो. आम्ही वर्गात ज्याला कोंदण म्हणत आलो, ते हे होते.

खरे कोंदण खड्याच्या आकाराला शरण जाते. खडा ओबडधोबड असेल तर कोंदणाची कडही तशीच वळते. म्हणून कुंदनकामात पैलूदार खड्याची सक्ती नाही. कच्च्या हिऱ्याच्या चपट्या कापा, ज्यांना पोलकी म्हणतात, त्या तेथे सुखाने बसतात. आणि एकदा भरलेल्या कोंदणातून खडा काढावयाचा तर कोंदण मोडावे लागते. दुसऱ्या खड्याला ते उपयोगी पडत नाही. आशय-अभिव्यक्तीसंबंधी याहून नेमके रूपक मिळणे कठीण, आणि ते आमच्या तोंडी अठरा वर्षे उलट्या अर्थाने होते.

एक गोष्ट राहिली. पंढरपूरचे संत नरहरी सोनार यांच्या सुप्रसिद्ध अभंगात पेढीवरची हत्यारे ओळीने येतात: बागेसरी, मूस, हातवडा, कातरी, ताजवा. फुंकणे आहे, ठोकणे आहे, सोन्याच्या चोरीवरचा मिस्कील श्लेषही आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत या हत्यारांचे अर्थ तळटिपेत दिलेले असतात. हा अभंग आमच्या विद्यार्थिनीने एकदा वडिलांसमोर म्हटला, तेव्हा शेटनी विचारले की यात डाख कोठे आहे? डाख त्यात नाही. सवागी नाही, जडावही नाही. सोने वितळते, ओतले जाते, तोलले जाते, पण दोन वस्तूंचा सांधा कोठेच होत नाही. एकाचा असा तर्क की अद्वैताच्या कवितेत सांध्याला जागा नसावी, कारण सांधा म्हटला की दोन वस्तू आधी मान्य कराव्या लागतात. दुसऱ्याला हा तर्क फार विद्वत्तेचा वाटतो. अभंगाच्या चार-दोन कडव्यांत सारी पेढी मावणार कशी, असे त्याचे म्हणणे. या मुद्द्यावर आमच्या दोघांचे अजून एकमत नाही.

ती विद्यार्थिनी सध्या आपल्या घरच्या पेढीवरील शब्दांची यादी करीत आहे. दोनशेच्या आसपास शब्द झाले आहेत. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहिण्याआधी ती वडिलांना ते काम करून दाखवावयास सांगते, त्यामुळे यादी फार हळू चालली आहे. ‘डाख’ या शब्दापुढची जागा अजून कोरीच आहे, कारण शेट म्हणतात, आधी तुझी कडी जुळू दे.